दुखवट्यातलं छप्पर

भाईजी गेले त्या दिवशी पारोळ्यात अवकाळी पाऊस झाला. चैत्रातला पाऊस तो, आला तसा गेला. पण तेवढ्या वेळात आमच्या छपरानं त्याला घरात घेतलं. वडिलांना, पन्नालालजींना, आम्ही भाईजी म्हणायचो. त्यांना मधल्या खोलीत खाली घेतलं होतं आणि थेंब बरोबर त्यांच्या कपाळावर पडत होते. त्यांना थोडं सरकवा, असं कोणीतरी म्हणालं. एकदा खाली घेतलेल्या माणसाला सरकवायचं नसतं, असं दुसरं कोणीतरी म्हणालं. तो वाद मिटेपर्यंत माझा धाकटा भाऊ अभयकुमार त्यांच्यावर छत्री धरून बसला. वाद मिटला, पाऊस थांबला, तरी तो छत्री धरून बसला होता. शेवटी मी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

अभय जळगावला असतो. भाईजींचं कापडाचं दुकान त्यानं दोन वर्षांपूर्वीच तिकडे नेलं होतं. त्याच्या घराला सिमेंटचा स्लॅब आहे. बारावा-तेरावा झाल्यावर तो मला, थोरल्या बहिणीला, म्हणाला, "जीजी, मी बाईला घेऊन जातो. या घराला कुलूप लावू. पत्रे कोणी भंगारात घेतले तर देऊन टाकू."

बाई म्हणजे आमची आई, तारादेवी. ती तिथंच कोपऱ्यात बसलेली होती. आम्हा मारवाडी जैनांत नवरा गेलेल्या बाईनं कोपऱ्यात बसायचं असतं. माझ्या आजीच्या वेळी ते वर्षभर असे. भाईजींची थोरली बहीण धापूभुवा समोरच राहते. तिनं मोठ्या मनानं ते दिवाळीपर्यंत आणलं होतं. तोवर बाईनं उंबरा ओलांडायचा नव्हता, रंगीत नेसायचं नव्हतं आणि पुरुषांसमोर बोलायचं नव्हतं. कोपरा कुठला, हेही भुवानंच ठरवलं. मधल्या खोलीचा उत्तरेकडचा. घरातली सगळ्यात जास्त गळणारी जागा तीच.

"तिथं गळतं," मी म्हणाले होते.

"तुझी आजी तिथंच बसली होती," भुवा म्हणाली.

"तेव्हा पत्रे नवे होते."

"मग तेव्हाही पत्रेच होते ना?" भुवा म्हणाली. तिच्या दृष्टीनं विषय संपला.

अभय स्लॅबबद्दल बोलत होता तेव्हा बाई जमिनीकडे बघत होती. तो बाहेर गेल्यावर मी तिला पाणी दिलं. ती पाणी प्यायली, पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "मोहन, मला जळगावला पाठवू नकोस." मोहन हे माझं नाव; आमच्यात ते मुलींनाही ठेवतात.

"तो वाईट वागवणार नाही, बाई."

"वाईट कशाला वागवेल? पाहुणीला कोणी वाईट वागवतं का?"

मी धुळ्याला मुलींच्या शाळेत शिकवते. उन्हाळ्याची सुटी लागली होती. नवऱ्याला मी कळवलं की मी शाळा उघडेपर्यंत पारोळ्यालाच राहते. मग अभयला म्हणाले, "छप्पर दुरुस्त करून घेतलं तर?"

अभयनं वर बघितलं. त्याला छप्पर दिसत होतं का अजून ते थेंब, मला सांगता येणार नाही. तो म्हणाला, "आभाळ भरायच्या आत झालं तर राहू दे तिला. एक थेंब जरी गळला तर मी गाडी घेऊन येईन. कोपरा काय, जळगावलाही आहे."

मी पुष्कळ वाचते. पुस्तकांतली माणसं दुःखात खिडकीतून बाहेर बघतात. आमच्या खिडकीतून धापूभुवाचं घर दिसतं आणि त्यात ती खिडकीत बसून आमच्याकडे बघताना दिसते. म्हणून मी छपराकडे बघायचं ठरवलं.

पन्हळी पत्र्यांचं ते छप्पर दोन उतारांचं आहे. एक उतार गल्लीकडे, म्हणजे भुवाकडे. दुसरा परसाकडे, तो कबुतरांखेरीज कोणी बघत नाही. भाईजींनी ते कधी काळी हिरवं रंगवलं होतं. आता ते कुठल्याच रंगाचं उरलं नव्हतं. जुन्या फळ्याला पाण्यानं पुसून उन्हात ठेवावं तसं दिसे, आणि खिळ्यांभोवती तांबेरा.

नथ्थू पेंटरला बोलावलं. पारोळ्यात पोळ्याला बैलांची शिंगं, निवडणुकीला भिंती आणि वर्षातून एकदा वेशीतला मारुती, हे सगळं तोच रंगवतो. जिनिंग फॅक्टरीचं छप्परही आपणच रंगवलं, असं तो सांगे. फॅक्टरी आता बंद आहे, त्यामुळे ते तपासता येत नाही. तो शिडीवरून वर गेला, पत्र्यावर टाचा आपटत फिरला आणि खाली वाकून म्हणाला, "अक्का, पत्रा सडेल नही शे. वरला रंग मरी गया. पत्रा जित्ता शे."

शब्द त्याला सहज सुचले होते. मी शिडी धरून उभी राहिले.

काम सुरू झालं. खान्देशातल्या वैशाखात पत्र्यावर सकाळी उन्हं चढेपर्यंत आणि उतरल्यावर, एवढंच काम करता येतं. नथ्थू तारेच्या ब्रशनं तांबेरा घासून काढी. कोपऱ्यात बाईच्या डोक्यावर तो आवाज दोन्ही वेळा चाले. त्रास होतो का, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, "बरं वाटतं. घरात कोणी काहीतरी करतंय." भोकांवर डांबर आणि गोणपाटाचे तुकडे बसवले, ढिले बोल्ट आवळले. पत्रा उघडा पडला, पांढरट आणि थोडा लाजल्यासारखा. मग नथ्थूनं डबा उघडला. डब्यात शेंदूर होता.

"हे काय?" मी विचारलं.

"शेंदूर. जवसाच्या तेलात कालवायचा आणि पहिला हात द्यायचा," तो माझ्याशी शुद्ध बोलायचा प्रयत्न करी आणि मध्येच सोडून देई. "तांबडा नही लावा तं वरला रंग टिकाव नही."

"मारुतीला लावतात तोच?"

"तोच. मारुतीला कुठं गंज चढतो?"

लोखंडाला पहिला हात शेंदराचा देतात, हे मला माहीत होतं. कुठल्याशा पुलाबद्दल मी ते वाचलं होतं. पण वाचलं तेव्हा पुलाखाली विधवा बसलेली नव्हती. एवढा एक तपशील माझ्या लक्षात आला नाही. नथ्थूनं एका सकाळीत गल्लीकडचा सगळा उतार रंगवला. केशरी-तांबडा, ओला, चकचकीत. पारोळ्याच्या किल्ल्याच्या बुरुजावरून दिसावा असा.

धापूभुवा त्या सकाळी जैन स्थानकात महाराजांच्या व्याख्यानाला गेली होती. ती परत आली, गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि तिथूनच ओरडली, "छोरी!"

मी बाहेर आले.

"कोणाचं लग्न आहे?"

"भुवाजी, हा नुसता पहिला हात आहे. यावर दुसरा रंग बसणार आहे."

"माझा भाऊ जाऊन महिना झाला नाही आणि त्याच्या घरावर शेंदूर? खाली तारानं कपाळ पुसलंय आणि वर छपरानं भरलंय!"

"ते गंजू नये म्हणून, भुवाजी. औषधासारखं."

"औषध पोटात घेतात. गावाला दाखवत नाहीत." तिनं पदर सावरला. "आणि उद्या अमळनेरची मोकाण येणार आहे, माहितीय ना?"

मोकाण म्हणजे लांबच्या नातलगांनी जमून सांत्वनाला येणं. अमळनेरचे लोक या बाबतीत नावाजलेले आहेत. ते रडायला येतात आणि बघून जातात.

"त्यांनी जाऊन सांगितलं की पन्नालालच्या बायकोनं घरावर शेंदूर फासला, तर अभयच्या मुलींची लग्नं कोण करणार? मी आत्ता जळगावला निरोप धाडते. येऊन तिला घेऊन जा म्हणावं. या घरात काही रीत राहिली नाही."

आता हे फक्त रंगाचं उरलं नव्हतं. अभयला कारण हवंच होतं, आणि हे गळण्यापेक्षाही चांगलं होतं.

मी नथ्थूला म्हणाले, "आजच्या आज वरचा रंग देता येईल?"

"खालचा ओला असताना? दोन्ही सोलून येतील."

"मग यात काजळी मिसळून पुन्हा फिरवा. काळपट होईल."

नथ्थूला ही कल्पना आवडली. कडेच्या एका पत्र्यावर त्यानं प्रयोग केला. रंग शेणासारखा झाला आणि नंतर कितीतरी दिवस वाळला नाही. ते त्या दिवशी कळायचं नव्हतं. शेणासारखा दिसतो एवढं मात्र लगेच कळलं. भुवा खिडकीतून म्हणाली, "आता लग्नही नाही आणि दुखवटाही नाही."

मग डांबरच फासू, असं नथ्थू म्हणाला. पण वैशाखात डांबर पाघळतं, आणि ते पाघळून कुठं येईल हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

मी आत गेले. बाईनं सगळं ऐकलं होतं. कोपऱ्यातून सगळंच ऐकू येतं. कोपऱ्याचा तेवढाच उपयोग. ती म्हणाली, "पांढरं घाला वरून."

"पांढरा रंगही ओल्यावर बसणार नाही, बाई."

"रंग नाही म्हणत. त्यांची धोतरं."

भाईजींची धोतरं एका पेटीत होती. गेलेल्या माणसाचे कपडे देऊन टाकायचे असतात. कोट, टोप्या, जोडे देऊन झाले होते. धोतरांचं कोणी विचारलं की बाई म्हणे, धुवायची आहेत. कापडाच्या दुकानदाराकडे धोतरं असावीत तितकी होती. निम्म्यांची तर घडीही मोडलेली नव्हती.

"खराब होतील," मी म्हणाले.

"नेसायला कोण येणार आहे?"

नथ्थूनं एक बोट पत्र्याला लावून बघितलं, ते धोतराच्याच कडेला पुसलं आणि सगळं वाळल्याचं जाहीर केलं, "सुकना. बठ्ठा सुकना. पत्र्यानं तेल ओढलं." त्यावर मी विश्वास ठेवला. मला ठेवायचा होता.

ऊन उतरल्यावर आम्ही धोतरं वर नेली. पदर खोचून मी शिडी चढले, तेव्हा भुवानं खिडकी लावून घेतली आणि मग किलकिली केली. नथ्थू एक टोक धरी, मी दुसरं. वारा होता. धोतराखाली हवा शिरे आणि ते फुगे. फुगलं की त्याला आकार येई. कमरेपासून खाली, दोन पाय. मी तो आकार हातानं दाबून पन्हळींत बसवला आणि वर विटा ठेवल्या. मग पुढचं धोतर. नथ्थू एकदा म्हणाला, "अक्का, डोळ्यात तेल गया का?" मी म्हणाले, "हो."

अंधार पडायच्या आत गल्लीकडचं छप्पर पांढरंशुभ्र झालं.

दुसऱ्या दिवशी अमळनेरची मंडळी टांग्यांतून उतरली. गल्लीच्या तोंडाशीच त्यांनी रडायला सुरुवात केली, तशी रीतच आहे. मग पुढच्या म्हाताऱ्यानं वर बघितलं आणि रडणं थांबवलं. मागच्यांनीही थांबवलं. थोडा वेळ सगळी मोकाण तोंड वर करून उभी होती.

"हे काय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मी तोंड उघडलं, पण धापूभुवा पुढे आली होती.

"दुखवटा आहे," ती म्हणाली.

"छपराला?"

"माझा भाऊ या छपराखाली सगळा जन्म राहिला. छपरानं नको पाळायला?"

म्हाताऱ्यानं डोक्यावरची पगडी सारखी केली. "पारोळ्याची रीत आहे का ही?"

"आमच्या घराण्याची."

मंडळी पुन्हा रडू लागली आणि या वेळी मनापासून रडली. जेवताना म्हातारा म्हणाला की अमळनेरला हल्ली लोक तेराव्यालाच रंगीत पागोटी घालतात, आणि इकडे बघा. जाताना त्यानं धोतरांच्या काठाविषयीही विचारलं, काळाच चालतो की निळाही. भुवा म्हणाली, घरात असेल तो. जळगावचा निरोप गेलाच नव्हता, हे मला नंतर कळलं.

मंडळी गेल्यावर नथ्थू धोतरं काढायला वर गेला. बराच वेळ काही आवाज आला नाही. मग त्यानं खाली डोकं काढलं.

"अक्का, जरा वर येता का?"

धोतरं निघत नव्हती. शेंदूर वाळला नव्हता. जवसाचं तेल कापडानं ओढून घेतलं होतं, वरून ऊन पडलं होतं, आणि कापड पन्हळींना असं चिकटलं होतं की कडेला ओढलं तर ते फाटे, सुटत नसे. फाटलं तिथं पत्र्यावर लव उगवल्यासारखी दिसे.

"सगळं वाळलंय म्हणाला होतात."

"म्हणालो होतो," नथ्थू म्हणाला. त्यानं एकदा तळहात फिरवला. "हाई धोतर आते पत्रानं व्हयनं, अक्का. पत्र्याचंच झालं. रॉकेल टाकून जाळायचं का?"

"नको."

"मग?"

मी बाईला विचारायला खाली आले. काय झालं ते सांगितलं. मला वाटलं, आता रडेल. भाईजी गेल्यापासून मी तिला रडताना बघितलं नव्हतं. मोकाणीबरोबर रडणं मी धरत नाही.

"म्हणजे आता ती कोणाला द्यायला नकोत," ती म्हणाली.

"नाही द्यायची."

"मग रंगव वरून."

रंग कुठला, यावर भुवाशी बोलणं झालं. हिरवा नको, तो आनंदाचा. पिवळा नको, तो हळदीचा. निळ्याबद्दल तिला नक्की सांगता येईना, म्हणून तोही नको. राखाडी चालेल, असं ठरलं. नथ्थूनं धोतरांना आधी तेल पाजलं, मग राखाडीचे दोन हात दिले. धोतरांच्या कडा जिथं एकमेकांवर आल्या होत्या तिथं त्यानं ब्रश जास्त दाबला. परसाकडच्या उताराला साध्या पद्धतीनं शेंदूर आणि राखाडी दिला. तिकडे कबुतरांची हरकत नव्हती.

मृगाला थोडे दिवस उरले होते तेव्हा अभय आला. बाहेर भाड्याची जीप उभी होती, ड्रायव्हर तीतच बसून राहिला. म्हणजे त्यानं ठरवूनच आणली होती. त्यानं छप्पर बघितलं.

"हे गुळगुळीत कसं झालं?"

मी सांगितलं. भाईजींच्या धोतरांचं सांगितलं तेव्हा तो दुसरीकडे बघू लागला. मग म्हणाला, "कापड लावलंय म्हणजे कुजणार. पाणी धरणार. जीजी, तू शिकलेली आहेस."

"बादली आण आणि ओत," मी म्हणाले.

तो खरंच शिडी चढला. विहिरीवरून पाणी आणायला नथ्थू होता. अभयनं उत्तरेकडच्या कोपऱ्यावर एक बादली ओतली, मग दुसरी. पाणी पन्हळींतून सरळ धावत गल्लीत पडलं. भुवाच्या ओट्यावर शिंतोडे उडाले, तिनं पाय वर घेतले. नथ्थू थकला तरी अभय ओतत राहिला. त्याचा सदरा भिजला होता. मी खालून म्हणाले, "अभय, पुरे." त्यानं ऐकलं नाही. आणखी एक बादली ओतली आणि रिकामी बादली हातात धरून, भाईजींच्या धोतरावर, उतारावर तसाच बसला. ड्रायव्हर जीपमधून डोकं बाहेर काढून बघत होता.

मग तो खाली उतरला आणि मधल्या खोलीत गेला. बाई कोपऱ्यात होती. त्यानं तिच्या डोक्यावरच्या पत्र्यावर हात फिरवला. भिंत चाचपली. जमीन चाचपली. शेवटी तिच्या डोक्यावरच्या पदराला हात लावला. कोरडा होता.

"बादली म्हणजे पाऊस नव्हे, बाई," तो म्हणाला. पण हळू म्हणाला.

"नव्हे," बाई म्हणाली.

आम्ही दोघंही दचकलो, अभयही आणि मीही. पुरुषांसमोर बोलायचं नव्हतं. अभय तिच्या पोटचा असला तरी पुरुष होता, भुवानं तसं स्पष्ट केलेलं होतं.

"पाऊस आला आणि गळलं, तर मी तुला कळवीन," बाई म्हणाली. "मग ये, आणि पुन्हा चढ वर. पण मी इथंच राहणार आहे. गळलं तरी."

"भाईजी..." अभयनं सुरुवात केली आणि थांबला.

"ते ओले झाले नाहीत," ती म्हणाली. "तू छत्री धरली होतीस. मी बघत होते."

अभय उंबऱ्यावर बसला. त्याचा चेहरा सदऱ्याइतकाच भिजला. आम्ही दोघींनी तिकडे बघितलं नाही.

मग बाई उठली. एका जागी बसून गुडघे आखडले होते, म्हणून भिंतीला धरून उठली. अभयच्या बाजूनं उंबरा ओलांडून ती गल्लीत गेली. दिवाळी अजून कितीतरी लांब होती.

"तारा!" भुवा ओट्यावरून ओरडली. "कुठं चाललीस?"

"छप्पर बघायला."

"दिवाळीनंतर दिसणार नाही का?"

"दिसेल. तेव्हाही बघीन."

ती गल्लीच्या मध्यावर उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून. पाणी अजून ठिबकत होतं आणि उन्हात राखाडी रंगाखालून धोतरांचे काठ रेघांसारखे उमटले होते. तिनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं सावकाश बघितलं.

"ते मधलं वाकडं बसलंय," ती म्हणाली.

"वारा होता. आता निघायचं नाही ते."

"राहू दे. त्यांना तरी कुठं सरळ नेसता येत होतं."

भुवा हसली. मग आपण हसलो हे तिच्या लक्षात आलं आणि ती आत गेली. बाईही आत आली. कोपऱ्याकडे न जाता ती सरळ चुलीपाशी बसली आणि मला म्हणाली, अभय जेवून जाईल, कणीक काढ; त्या ड्रायव्हरलाही विचार. जीप जळगावला बाईशिवाय, एक जागा मोकळी घेऊन परत जाणार होती, म्हणून नथ्थूनं विचारलं की एरंडोलपर्यंत त्याला सोडतील का.